हेफनरवरची मालिका पाहताना: पेटी कुणाची, ते आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'प्लेबॉय' मासिकाचा संस्थापक ह्यू हेफनर याच्यावरची 'अमेरिकन प्लेबॉय' ही दहा भागांची मालिका घरात सगळ्यांनी मिळून पाहायला घेतली आणि तिसऱ्या भागापर्यंत दोन तट पडले. नवरा म्हणतो, माणूस काळाच्या पुढचा होता, लेखनस्वातंत्र्यासाठी आणि काळ्या लोकांच्या हक्कांसाठी उभा राहिला. नणंद म्हणते, बायकांचा बाजार मांडून श्रीमंत झालेल्या माणसाची ही आरती आहे. यातलं खरं काय, नटांनी केलेले प्रसंग कितपत खरे धरायचे, आणि १९ वर्षांची मुलगीही बघायचं म्हणते आहे, तर तिच्यासोबत बघावी का?

मी मुंबईत माहितीपट आणि डॉक्युड्रामा (खऱ्या घटनांवरचे, नटांकडून प्रसंग करून घेतलेले माहितीपट) एडिट करते, २७ वर्षं झाली. ही मालिका मी दोनदा पाहिली. २०१७ मध्ये आली तेव्हा एकटीने, कामाच्या नजरेने. नंतर पार्ल्याला एका मैत्रिणीकडे सात-आठ जण मिळून. तिथेही तुमच्या घरासारखंच झालं. जाहिरातीतले एक गृहस्थ भारावून गेले होते, एक निवृत्त शिक्षिका दुसऱ्या भागानंतर उठून स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. त्या रात्री मला जाणवलं की कुणीच मालिकेबद्दल बोलत नव्हतं, सगळे हेफनरबद्दल बोलत होते. पण हेफनर कुणीच पाहिलेला नाही. आपण पाहिली ती त्याची मांडणी, आणि तीही त्याच्याच सामानातून केलेली. म्हणून आधी मांडणीबद्दल सांगते.

तुमच्या यजमानांनी सांगितलेल्या गोष्टी बहुतेक खऱ्या आहेत, आणि त्या हलक्या नाहीत. 'प्लेबॉय'ची प्रसिद्ध मुलाखतमाला सप्टेंबर १९६२ च्या अंकात सुरू झाली. पहिली मुलाखत जाझ वादक माइल्स डेव्हिसची होती आणि घेणारा होता अ‍ॅलेक्स हेली, त्या काळात अजून नाव न झालेला काळा पत्रकार. पुढे हेलीनेच माल्कम एक्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मुलाखती घेतल्या. अमेरिकन नाझी पक्षाचा पुढारी जॉर्ज लिंकन रॉकवेल याच्यासमोरही तोच जाऊन बसला. न्यू ऑर्लिन्स आणि मायामीच्या प्लेबॉय क्लबांचे (मासिकाच्या नावाने चालणारे, सभासदांसाठीचे करमणुकीचे क्लब) चालक काळ्या सभासदांना आत घेईनात, तेव्हा हेफनरने ते क्लब त्यांच्याकडून परत विकत घेतले. १९५५ मध्ये, समलैंगिकता हाच जिथे सर्वसामान्य नियम आहे अशा जगाची कथा चार्ल्स बोमाँटने लिहिली. एका नामांकित मासिकाने ती नाकारली होती, हेफनरने छापली. १९६३ मध्ये अश्लीलतेच्या आरोपाखाली त्याला अटक झाली, खटला चालला आणि ज्यूरीचं एकमत न झाल्याने तो सुटला. हे सगळं मालिकेच्या बाहेरही नोंदलेलं आहे. तेवढ्यापुरते तुमचे यजमान मुळीच फसलेले नाहीत.

आता एक छोटा हिशेब बघा. १९४९ मध्ये मर्लिन मन्रोकडे गाडीच्या हप्त्यालाही पैसे नव्हते, तेव्हा तिने टॉम केली या छायाचित्रकारासमोर विवस्त्र बसून फोटो काढून घेतले. तिला मिळाले ५० डॉलर. फोटो गेले एका कॅलेंडर कंपनीकडे. १९५३ मध्ये हेफनरने त्यातला एक फोटो छापण्याचा हक्क ५०० डॉलरला घेतला आणि डिसेंबरच्या पहिल्या अंकात वापरला. अंक ५० सेंटला होता, ५० हजारांहून जास्त प्रती खपल्या. दुसरा अंक निघेल की नाही याची त्यालाच खात्री नव्हती, म्हणून मुखपृष्ठावर तारीखही नव्हती. मन्रोला या अंकातून काहीही मिळालं नाही. पुढे १९९२ मध्ये लॉस एंजलिसच्या ज्या दफनभूमीत ती आहे, तिथे तिच्या शेजारची जागा हेफनरने ७५ हजार डॉलरला घेऊन ठेवली, आणि २०१७ पासून तो तिथेच आहे.

त्याच्या बाजूने सांगितली तर ही धडाडीच्या तरुणाची गोष्ट होते. पगारात पाच डॉलर वाढ मिळाली नाही म्हणून नोकरी सोडलेला, घरातलं फर्निचर गहाण टाकलेला, आईकडून हजार डॉलर घेऊन मासिक काढणारा मुलगा. आपल्याला असा मुलगा आवडतोच. तिच्या बाजूने सांगितली तर एकही तपशील न बदलता ती वेगळी गोष्ट होते. मालिकेने पहिली बाजू घेतली. त्यात खोटं काही नाही, पण प्रेक्षकाचं मन कुठे बसणार, हे तिथेच ठरून जातं.

नटांनी केलेल्या प्रसंगांचा तुमचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. अशा मालिकेत तीन प्रकारचा माल असतो. एक, त्या काळचं खरं चित्रण आणि फोटो. दुसरा, आज कॅमेऱ्यासमोर बसून बोलणारी माणसं, ज्यांना आम्ही बाइट म्हणतो. तिसरा, नटांकडून करून घेतलेले प्रसंग. या मालिकेत तरुण हेफनर मॅट व्हीलन या नटाने केला आहे. तिन्ही प्रकार वेगवेगळे दिसले तर प्रेक्षक सावध राहतो. आमचं कौशल्य असतं ते सांधे बुजवण्यात.

सांधे बुजतात मुख्यतः आवाजाने. एका कामात आम्ही वसईच्या एका वाड्यात जुना छापखाना उभा केला होता. नट ट्रेडल मशीनच्या पायट्यावर पाय ठेवतो, मशीनची खटखट सुरू होते, आणि तीच खटखट चालू असताना पुढचा कट येतो १९४० च्या आसपासच्या खऱ्या फोटोवर. फोटो मुका असतो. पण कानात खटखट चालू असल्याने डोळा मान्य करतो की हा त्याच क्षणाचा फोटो आहे. मग नव्या चित्रणावर थोडं ग्रेन, म्हणजे जुन्या फिल्मसारखे दाणे, चढवायचं, रंग उतरवायचे, कडा किंचित काळवंडवायच्या. दाखवून झाल्यावर एका प्रेक्षकाने मला मनापासून विचारलं, "त्या काळचं एवढं छान शूटिंग तुम्हाला मिळालं कुठून?" ते चित्रण अडीच महिन्यांपूर्वीचं होतं.

म्हणून माझं उत्तर असं: नटांनी केलेल्या प्रसंगातली घटना बहुधा खरी असते, संवाद बहुधा लिहिलेले असतात, आणि चेहऱ्यावरचे भाव पूर्णपणे दिग्दर्शकाचे असतात. अटक झाली हे खरं. अटकेच्या वेळी तो घाबरला होता की शांत होता, त्याच्या डोळ्यांत त्या क्षणी काय होतं, हे कुठल्याच कागदावर नसतं. ते नट भरतो. आणि आपल्याला लक्षात राहतं ते नेमकं तेच.

पण माझी मुख्य गोष्ट पुढे आहे, आणि ती सांगताना मला अजूनही त्रास होतो.

त्याच छापखान्याच्या कामाची. एका जुन्या मुंबईकर प्रकाशकावरचा तासाभराचा डॉक्युड्रामा होता. पैसे कुटुंबाने दिले होते आणि सामानही त्यांनीच दिलं: एक पत्र्याची पेटी. आत फोटो, कागदाच्या व्यापाऱ्यांच्या पावत्या, पत्रं, जुने अंक. आमच्या कामात अशी पेटी मिळणं म्हणजे भाग्य, आम्ही दोन दिवस जमिनीवर बसून ती पाहत होतो. त्यात एक फोटो होता. प्रकाशक खुर्चीत बसलेले, आणि फोटोची उजवी बाजू कात्रीने कापलेली. कापणाऱ्याचा हात जरासा चुकला होता. त्यांच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहून गेली होती. बाईची. करंगळीशेजारच्या बोटात अंगठी.

मी विचारलं. उत्तर आलं, "तो विषय नको. फोटो चांगला आहे, तेवढा वापरा."

मी वापरला. एडिटिंगच्या संगणकावर तो फोटो १२० टक्के मोठा केला, थोडा डावीकडे सरकवला आणि बोटं फ्रेमबाहेर गेली. दहा सेकंदांचं काम. फिल्म झाली, दाखवली, कौतुक झालं. संपल्यावर एक म्हातारे कंपोझिटर माझ्याकडे आले. त्यांनी त्या छापखान्यात वीस वर्षं खिळे जुळवले होते. ते म्हणाले, "सगळं बरोबर आहे हो. पण बाई कुठे गेल्या? पगार तर त्याच वाटायच्या. मालक तुरुंगात होते तेव्हा अंकही त्यांनीच काढले."

त्या फिल्ममध्ये एकही वाक्य खोटं नव्हतं.

तेव्हापासून कुठलाही चरित्रात्मक डॉक्युड्रामा पाहताना माझा पहिला प्रश्न असतो: पेटी कुणाची? हेफनरच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. या माणसाने शाळकरी वयापासून स्वतःच्या आयुष्याच्या चिकटवह्या ठेवल्या, त्यांचे खंड अडीच हजारांच्या घरात गेले. शिवाय हजारो तासांचं चित्रण. मालिका या भांडारावर उभी आहे, आणि ती हेफनरच्या नजरेतून सांगितलेली आहे, हे तिच्या कर्त्यांनी लपवलेलंही नाही. एक माणूस आयुष्यभर स्वतःचा संग्रहपाल होता. त्याने काय जपलं ते आपण पाहतो. काय चिकटवलं नाही ते वहीत नसतंच, मग ते मालिकेत कुठून येणार?

ते बाहेर आहे, आणि शोधलं तर सापडतं. १९६३ मध्ये ग्लोरिया स्टायनम ही तरुण पत्रकार खोटं नाव घेऊन न्यूयॉर्कच्या प्लेबॉय क्लबमध्ये 'बनी' (सशाच्या कानांचा पोशाख घालून पाहुण्यांना वाढणारी मुलगी) म्हणून नोकरीला लागली आणि तिने तो अनुभव 'शो' नावाच्या मासिकात लिहिला. घट्ट पोशाख, उंच टाचांवर तासन् तास उभं राहणं, जाहिरातीत सांगितलेला पगार आणि हातात पडणारे पैसे यांतलं अंतर, नोकरीआधीची वैद्यकीय तपासणी. लेख दैनंदिनीसारखा आहे, आणि त्यात रागापेक्षा आकडे जास्त आहेत. मला तो म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. हेफनरची सहायक बॉबी आर्नस्टाइन हिला १९७४ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात शिक्षा झाली आणि जानेवारी १९७५ मध्ये तिने आत्महत्या केली. १९८० ची 'प्लेमेट ऑफ द इयर', म्हणजे मासिकाने वर्षाची मॉडेल म्हणून निवडलेली, डोरोथी स्ट्रॅटन हिचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्यापासून वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने खून केला. ती २० वर्षांची होती. नायकाच्या चरित्रात अशा मृत्यूंना एकच काम उरतं, नायकावर संकट आणायचं. त्या मुली स्वतः काय होत्या, यासाठी वेगळी पेटी उघडावी लागते.

काळाचाही भाग आहे, तो विसरू नका. मालिका एप्रिल २०१७ मध्ये आली. त्याच महिन्यात हेफनरला ९१ वर्षं पूर्ण झाली. २७ सप्टेंबरला तो गेला, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच हॉलिवूडच्या एका बड्या निर्मात्याविरुद्धच्या बातम्या छापून आल्या आणि 'मी टू'ची लाट उसळली. जानेवारी २०२२ मध्ये 'सिक्रेट्स ऑफ प्लेबॉय' ही दुसरी मालिका आली, तिच्यात हेफनरसोबत राहिलेल्या आणि त्याच्याकडे काम केलेल्या स्त्रियांनी त्याच्यावर गंभीर आरोप केले. खुद्द त्याच्या कंपनीने खुलं पत्र काढून स्वतःला त्याच्यापासून वेगळं केलं. म्हणजे एप्रिल २०१७ चा प्रेक्षक आणि आजचा प्रेक्षक एकच दृश्य पाहत असले तरी त्यांच्या मनात ते एकसारखं उमटत नाही. मी स्वतः पहिल्या वेळी 'सफाईदार काम' अशी नोंद वहीत केली होती. दुसऱ्या वेळी पार्टीच्या प्रत्येक दृश्यात मी मागे उभ्या असलेल्या मुलींचे चेहरे बघत होते. कॅमेरा त्यांच्यावर थांबत नाही, पटकन पुढे जातो. अर्थात त्या आरोपांना उत्तर द्यायला हेफनर नव्हता, हेही मनात ठेवायला हवं. दुसऱ्या पेटीलाही मालक असतोच.

पार्ल्याच्या त्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडे असा प्रकाशक झालाच नाही." स्वयंपाकघरात जाऊन बसलेल्या शिक्षिकाबाई तिथूनच म्हणाल्या, "झाले की. र. धों. कर्वे." आणि खोली गप्प झाली.

मला त्या तुलनेने झोप लागली नाही. महर्षी कर्व्यांचा थोरला मुलगा, विल्सन कॉलेजात गणित शिकवणारा. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे त्याच कामापायी प्राध्यापकी सुटली, जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र, आत लैंगिक शिक्षण, गर्भनिरोधन आणि वाचकांच्या प्रश्नांना न लाजता दिलेली उत्तरं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात, वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला हरले, २०० रुपये दंड झाला. मासिक कायम तोट्यात. १४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे गेले आणि त्यांच्यासोबत मासिकही. दोनच महिन्यांनी शिकागोत 'प्लेबॉय'चा पहिला अंक निघाला. दोन्ही माणसांना मी एका तागडीत घालत नाही. एकाने शरीराबद्दलचं ज्ञान दिलं आणि त्यात घर धुऊन गेलं, दुसऱ्याने शरीर विकून वाडा बांधला.

पण कामाच्या दृष्टीने फरक पेटीचा आहे. कर्व्यांचं चित्रण नाही, हजारो चिकटवह्या नाहीत. आहेत ते मासिकाचे अंक आणि खटल्यांची हकिगत. अमोल पालेकरांनी २००१ मध्ये 'ध्यासपर्व' केला, अतुल पेठे यांनी अजित दळवींचं 'समाजस्वास्थ्य' नाटक रंगमंचावर आणलं. कोर्टाच्या गोष्टीत फिर्यादी असतोच, त्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. नायकाला विरोध करणारा आवाज गोष्टीच्या रचनेतच बसलेला असतो. हेफनरच्या भांडारात तो नव्हता. आणि हाच निकष आपल्या माणसाला लावायचा तर मालतीबाई कर्वे कुठे आहेत, हेही विचारलं पाहिजे. मूल होऊ न देता, लोकांची निंदा सोसत, ओढगस्तीत त्यांनी हा संसार केला. 'ध्यासपर्व'मध्ये सीमा बिस्वास यांनी त्यांना उभं केलं, म्हणून तो चित्रपट मला जवळचा वाटतो.

मुलीबद्दल विचारलंत. बघा, तिच्यासोबतच बघा. १९ वर्षांच्या मुलीने नग्नता पाहिली तर काय होईल ही काळजी मला वाटत नाही. माझी काळजी वेगळी आहे. मालिका देखणी आहे, संगीत छान आहे, हेफनर मिश्कील आहे, आणि पार्श्वभूमीला उभ्या मुली नेहमी हसत असतात. एकटीने सलग पाहिली तर तो हसरेपणा खरा वाटून जातो. क्लबांचा भाग झाला की स्टायनमचा लेख तिला वाचायला द्या, इंग्रजी सोपं आहे. २०२२ च्या मालिकेचे एक-दोन भागही पाहा, मात्र तो विषय अंगावर येणारा आहे, तेव्हा आधी तिला विचारून.

पाहताना एखादा नाट्यप्रसंग पाच मिनिटं आवाज बंद करून पाहा. खरं चित्रण कुठे संपतं आणि नट कुठे सुरू होतो, ते लगेच दिसेल, कारण सांधणारा आवाजच गेलेला असेल. नणंदेलाही बोलवा, त्यांना ते विशेष पटेल. यजमानांना अ‍ॅलेक्स हेलीने घेतलेली किंगची मुलाखत वाचायला सांगा. ती जानेवारी १९६५ च्या अंकातली आहे, आणि त्यांच्या बाजूचा तो सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

शेवटची नामावली येते तेव्हा पुढचा भाग आपोआप सुरू होतो, तो थांबवा. निर्मिती कुणाची, चित्रण आणि फोटो कुणाच्या सौजन्याने, बोलायला बसलेल्यांपैकी किती जण त्या कंपनीचे नोकर किंवा माजी नोकर होते, हे तिथे बारीक अक्षरात असतं. माझ्या त्या फिल्मच्या नामावलीतही 'छायाचित्रे: कुटुंबाच्या संग्रहातून' एवढी एक ओळ आहे. खांद्यावरच्या त्या बाईंचं नाव मी नंतर कंपोझिटरकाकांकडून लिहून घेतलं, पण तोवर प्रत गेली होती.